फावल्या वेळचा दर

या अंकाचं मुखपृष्ठ ठरवताना आमच्यात चांगलंच भांडण झालं. अंक शेतमजूर स्त्रियांच्या मजुरीवर आहे, म्हणून मुखपृष्ठावर रोवणीचं छायाचित्र घ्यायचं एवढं आधीच ठरलेलं होतं. अंकाची जुळणी करणाऱ्या मुलीनं इंटरनेटवरून एक चित्र काढून दाखवलं. पाच बायका, गुडघाभर चिखल, हातात पऱ्ह्यांच्या पेंढ्या, मागे पळसाची झाडं. चित्र देखणं होतं. आमच्या गोंदियातल्या कुठल्याही बांधीतलं वाटावं असं. पण ते छत्तीसगडचं होतं, ओडिशाचं होतं की आणखी कुठलं, ते कळायला मार्ग नव्हता. खाली इंग्रजीत 'शेतात काम करणाऱ्या गरीब भारतीय स्त्रिया' एवढंच लिहिलेलं. महिन्याची वर्गणी भरली की दहा चित्रं उतरवून घेता येतात, त्या हिशेबानं एकेक चित्र फारच स्वस्त पडत होतं. "परवडतंय, घेऊन टाका," असं मीच म्हणाले.

आमगाव तालुक्यातली आमची एक कार्यकर्ती तिथं बसली होती. ती स्वतः छायाचित्रं काढते. ती म्हणाली, "ताई, त्यातले काढणाऱ्याला किती मिळतील माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. मग तिनं आपला मोबाइल उघडून स्वतःचंच खातं आमच्यापुढे ठेवलं. साडेतीन वर्षांत तिची चारशेच्या आसपास चित्रं एका परदेशी कंपनीनं स्वीकारली होती. मार्चमधली मोहफुलं वेचणाऱ्या बायका, मे महिन्यातली तेंदूची फळी, पावसाळ्यातली रोवणी, हिवाळ्यात धानाच्या बांधीत उतरलेली सारसाची जोडी. त्या साऱ्यातून तिच्या हाती आले होते पाच हजारांच्या आत. कॅमेरा जुना घेतलेला, अठ्ठावीस हजारांचा, बचत गटाच्या कर्जावर. कर्ज अजून फिटलेलं नाही.

त्या दिवशी मुखपृष्ठ ठरलं नाही. त्यानंतर दोन आठवडे आम्ही या धंद्याची माहिती काढत बसलो, आणि जसजशी ती कळत गेली तसतसं मला वाटायला लागलं, ही गोष्ट आपण कुठंतरी आधी ऐकलेली आहे.

'स्टॉक फोटोग्राफी' म्हणजे आधीच काढून ठेवलेल्या छायाचित्रांचं कोठार. मासिकाला, जाहिरातवाल्याला, पाठ्यपुस्तक काढणाऱ्याला चित्र हवं असलं की दर वेळी छायाचित्रकार पाठवण्याऐवजी कोठारातलं चित्र वापरण्याचा परवाना विकत घ्यायचा. हा धंदा जुना आहे. पूर्वी चित्र कुठं छापणार, किती आकारात, किती प्रतींत, किती दिवस, यावरून भाव ठरायचा आणि आलेल्या पैशातला बहुधा निम्मा वाटा छायाचित्रकाराकडे जायचा. फार थोड्यांना त्या दारातून आत घेत, ते बहुतेक मोठ्या शहरांतले पुरुष असत, हेही खरंच आहे. त्या जुन्या व्यवस्थेसाठी गळा काढायचं आपल्याला कारण नाही. पण आत गेलेला माणूस त्यावर घर चालवू शकत होता.

२००० साली कॅनडातल्या कॅलगरी शहरात आयस्टॉकफोटो सुरू झालं. सुरुवातीला ती चित्रकार-जुळणीकारांनी एकमेकांत फुकट चित्रं वाटून घ्यायची जागा होती. लवकरच तिथं थोडंसं शुल्क लागू झालं. २००३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये शटरस्टॉक निघालं. त्याच्या संस्थापकानं स्वतः काढलेल्या तीस हजार चित्रांनिशी दुकान मांडलं आणि महिन्याच्या वर्गणीची पद्धत आणली: एकदा पैसे भरा, हवी तेवढी चित्रं घ्या. अमेरिकेतल्या 'वायर्ड' मासिकात २००६ साली आलेल्या एका लेखात या बदलाचं नेमकं उदाहरण आहे. एका आरोग्य-संग्रहालयाच्या प्रकल्पाला आजारी माणसांची छायाचित्रं हवी होती. छायाचित्रकार सवलत देऊन एका चित्राचे शंभर ते दीडशे डॉलर सांगत होता. तशीच चित्रं आयस्टॉकफोटोवर साधारण एका डॉलरला मिळाली. त्याच वर्षी गेटी इमेजेस या बड्या कंपनीनं आयस्टॉकफोटो पाच कोटी डॉलरना विकत घेतलं. म्हणजे चित्राचा भाव एका डॉलरवर आला, आणि चित्रं जिथं गोळा होतात त्या दुकानाचा भाव पाच कोटींवर गेला.

हे कसं झालं, याचं सरळ उत्तर 'चित्रं फार झाली' असं देतात. ते खोटं नाही. डिजिटल कॅमेरा आला, मग मोबाइल आला. एकट्या शटरस्टॉककडे २०२० पर्यंत तीस कोटींच्या वर चित्रं जमली होती. एका चित्राची हजारावी प्रत द्यायला दुकानाला काही खर्च येत नाही. पण धान फार पिकलं म्हणून भाव पडला, असं म्हणून आपण कधी थांबलो का? भाव कोण ठरवतं, हा प्रश्न उरतोच. इथं भाव ठरवणारा एकटा दुकानदार आहे, आणि त्याच्या मनात चित्र काढणाऱ्याविषयी एक समजूत पक्की बसलेली आहे. ती अशी, की हा माणूस हौशी आहे. त्याचं पोट दुसऱ्या कशावर तरी भरतं. फावल्या वेळात चित्रं काढतो, चार पैसे सुटले तर खूशच होईल.

मैत्रिणींनो, हे वाक्य गोंदिया-भंडाऱ्याच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलेलं आहे. गोंदिया, तिरोडा, तुमसर हा सारा पट्टा बिडीचा. सट्टेदारानं पान आणि तंबाखू मोजून द्यायचा, बाईनं घरी बसून बिड्या वळायच्या आणि हजारावर मजुरी घ्यायची. दर इतका कमी का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं: घरबसल्याचं काम आहे, बाई स्वयंपाकपाणी उरकून फावल्या वेळात करते, नवऱ्याच्या कमाईला हातभार. ज्या घरात नवरा नव्हता, किंवा होता पण कमवत नव्हता, त्या घरातली बाईही त्याच दरानं वळायची, आणि तिच्या बिडीला कुणी 'हातभार' म्हणून कमी तंबाखू घालायला सांगत नव्हतं. दर हौसेचा, काम पोटाचं.

पुढची सगळी रीतही ओळखीची आहे. बिडीत 'छाट' असते. आणून दिलेल्या बिड्यांतल्या काही वाईट म्हणून बाजूला काढायच्या, त्यांची मजुरी द्यायची नाही, आणि बिड्या मात्र ठेवून घ्यायच्या. पान कमी पडलं तर ते बाईनं पदरचे पैसे घालून आणायचं. १९६६ साली बिडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, त्यात छाटीच्या भांडणात दाद मागायची सोय होती. ती सोय कागदावरून खाली उतरवायला किती मोर्चे काढावे लागले, ते आपल्यातल्या वयानं मोठ्या बायकांना सांगायला नको. आमच्या कार्यकर्तीच्या धंद्यातही छाट आहे. दहा चित्रं पाठवली की चार परत येतात. कधी कारण 'चित्र धूसर', कधी 'अशी चित्रं आधीच आहेत'. कारण ठरलेल्या यादीतलं असतं, आणि ते माणसानं दिलं की यंत्रानं, हे कळत नाही. भांडायला समोर सट्टेदारसुद्धा नाही. कॅमेरा तिचा, वीज तिची, इंटरनेटचा खर्च तिचा, आणि प्रत्येक चित्राला इंग्रजीत वीस-पंचवीस शोधशब्द लावायचं काम रात्री भांडी घासून झाल्यावर. त्या शब्दांत 'पॉव्हर्टी' टाकला तर चित्र जास्त वेळा दिसतं, असं ती म्हणाली. पहिल्या वर्षी तिनं तो टाकलाही होता. तिच्या आईच्या चित्राला.

दर तरी स्थिर आहे का? आयस्टॉकनं २०१० साली जाहीर केलं, की जे केवळ आपल्यालाच चित्रं देण्याच्या करारात नाहीत त्यांना सरसकट २० टक्के मिळत होते, ते आता विक्रीप्रमाणे १५ पासून २० टक्क्यांपर्यंत मिळतील. जून २०२० मध्ये, म्हणजे ऐन टाळेबंदीच्या काळात, शटरस्टॉकनं आपली पद्धत बदलली. आधी वर्गणीदारानं चित्र घेतलं की काढणाऱ्याला २५ ते ३८ सेंट मिळत. नव्या पद्धतीत १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आल्या, कमीत कमी रक्कम १० सेंटवर आली, आणि १ जानेवारी उजाडला की प्रत्येकानं पुन्हा खालच्या पायरीवर यायचं असं ठरलं. वर्षभर डोंगर चढायचा आणि नवं वर्ष लागलं की पायथ्याशी. दहा सेंट म्हणजे त्या वेळच्या भावानं साडेसात रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे हमीच्या एका दिवसाची बरोबरी करायला एक चित्र बत्तीस वेळा विकलं जायला हवं.

आणि ते साडेसात रुपयेही लगेच हाती येत नाहीत. ठरावीक रक्कम साठेपर्यंत कंपनी पैसे सोडत नाही. अमेरिकेत विकल्या गेलेल्या चित्रावर तिथला कर कापला जातो. भारताशी असलेल्या कराराचा फॉर्म नीट भरला तर १५ टक्के, नाही तर ३०. त्यासाठी पॅन कार्ड हवं, परदेशातून पैसे घेणारं खातं हवं. आमच्या कार्यकर्तीकडे सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं, म्हणून खातं भावाच्या नावानं काढलं. त्यामुळे पहिली दीड वर्षं तिची चित्रं जगात भावाच्या नावानं फिरली. पैसेही त्याच्याच खात्यात जमा झाले, आणि तिनं मागितल्यावर, थोडे थोडे करून, मिळाले. भाऊ वाईट नाही. पण मागावे लागले.

होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. त्यांची सुरुवातीची छायाचित्रं नवऱ्याच्या, माणेकशा यांच्या नावानं छापली जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ मध्ये त्या गेल्या. लग्नाच्या हंगामात आमच्या कार्यकर्तीला नवरीच्या खोलीत आणि हळदीला आवर्जून बोलावतात, कारण तिथं बाई असलेली बरी. स्टुडिओच्या पाटीवर नाव मात्र अजून भावाचंच आहे.

आता चित्रातल्या बायकांकडे येते. भांडण खरं तर तिथंच पेटलं.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. त्याचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. चित्रात जी उभी आहे तिला या कायद्यानं काही दिलेलं नाही. जाहिरातीसाठी चित्र विकायचं तर कंपन्या चित्रातल्या माणसाचं सहीचं संमतीपत्र मागतात, साक्षीदारासकट. बातमीच्या किंवा माहितीच्या वापरासाठी विकायचं तर तेही लागत नाही. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडला जाऊन बघा, गोंड समाजाच्या यात्रेत कॅमेरे किती असतात ते. तिथं डोंगर चढून आलेल्या म्हातारीचा चेहरा कुठल्या शोधशब्दाखाली जाऊन पडतो, ते तिला कधी कळत नाही.

आमच्या कार्यकर्तीनं रोवणीच्या चित्रासाठी बायकांच्या सह्या घेतल्या होत्या. संमतीपत्र छापील, इंग्रजी, दोन पानी. तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण बांधावर पाऊस होता, रोवणी हुंड्यानं घेतलेली होती (बाहेरच्या वाचकांसाठी: इथं हुंडा म्हणजे एकरी ठरवलेली उक्ती रक्कम, लग्नातला नव्हे), आणि हुंड्याच्या कामात दहा मिनिटं थांबणं म्हणजे दहा मिनिटांची मजुरी गेली. बायका म्हणाल्या, "आण, करतो सही, आपलीच पोरगी." ती आम्हाला म्हणाली, "ताई, तेव्हा मला माझाच राग आला. मी त्यांच्याकडून फुकट घेतलं, कारण मलाही जवळजवळ फुकटच मिळणार होतं." या बोलण्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. दर वरून पडला की त्याचा भार असाच खाली खाली सरकतो, आणि सगळ्यात खाली जी वाकलेली असते तिच्या पाठीवर येऊन थांबतो.

बायकांची चित्रं चांगली असावीत, असा विचार या धंद्यात झालाच नाही असं नाही. २०१४ मध्ये गेटी इमेजेसनं एका अमेरिकी स्त्री-संघटनेबरोबर 'लीन इन' नावाचा संग्रह काढला. हातात लॅपटॉप आणि कडेवर मूल अशी हसरी बाई नको, खऱ्या कामातल्या, वेगवेगळ्या वयांच्या, रंगांच्या बायका दाखवायच्या, असा हेतू होता. हेतू चांगला. बाई कशी दिसावी यावर आपणही पुष्कळ लिहिलं आहे. पण ते चित्र काढणारीला काय मिळावं, यावर आपण एक ओळही लिहिली नव्हती, आणि स्वस्तात मिळतं म्हणून मीही 'घेऊन टाका' म्हणाले होते. गेल्या काही वर्षांत आपली किती पत्रकं, किती भित्तिचित्रं इंटरनेटवरून उचललेल्या चित्रांवर निघाली, ते आठवून पाहा. चित्राखाली नाव नाही, पैसे नाहीत. समान वेतनाच्या पत्रकावरसुद्धा.

या धंद्यातल्या लोकांनी गप्प बसून सगळं सोसलं, असंही नाही. गेटीनं गूगलशी करार करून काही चित्रं त्याच्या वापरकर्त्यांना मोकळी दिली आणि छायाचित्रकारांना एका चित्रामागे बारा डॉलर दिले, तेव्हा फेब्रुवारी २०१३ मध्ये आयस्टॉकवरच्या लोकांनी दिवस ठरवून आपली हजारो चित्रं काढून घेतली. २०२० मध्ये शटरस्टॉकच्या बाबतीतही अनेकांनी आपापली दालनं बंद केली. तोही एक संपच. पण कारखान्याच्या दारात उभं राहून आत जाणाऱ्याला हात धरून थांबवता येतं; इथं कोण आत चाललंय तेच दिसत नाही. तुमची चारशे चित्रं गेली तर कोठारात चाळीस हजार नवी आलेली असतात.

वेगळी वाट काढणारेही आहेत. आयस्टॉक सुरू करणाऱ्याच माणसानं पुढे ब्रायना वेटलॉफर या बाईबरोबर कॅनडात 'स्टॉक्सी' नावाची छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली, २०१३ मध्ये ती लोकांसमोर आली. सर्वसाधारण परवान्याचे निम्मे पैसे आणि वाढीव परवान्याचे पाऊण पैसे तिथं काढणाऱ्याला मिळतात, आणि सभासद मालकही असतात. पण ती निवडक सभासदच घेते. आमगावहून तिथं पोचणं सोपं नाही. सहकार हा शब्द महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही, त्यात बायकांच्या वाट्याला काय आलं हेही आपण जाणतो. तरी अहमदाबादच्या 'सेवा'नं १९८४ मध्ये भाजी विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांच्या हाती व्हिडिओ कॅमेरा दिला होता, हे मला इथं आठवलं. तिथं कॅमेरा संघटनेचा होता. आमच्या पोरीचा कर्जाचा आहे, आणि ती एकटी आहे.

त्यात आता नवीन संकट. २०२२ च्या अखेरीपासून अॅडोबीच्या कोठारात यंत्रानं बनवलेली चित्रंही घेतली जाऊ लागली. 'भारतीय शेतकरी बाई, भातशेती' असे शब्द घातले की चित्र तयार. ही यंत्रं शिकली ती माणसांनी काढलेल्या कोट्यवधी चित्रांवर. २०२३ मध्ये गेटीनं अशाच एका कंपनीला कोर्टात खेचलं, म्हणजे दुकानदाराला आपल्या मालाची काळजी आहे. आम्ही असं एक चित्र पाहिलं. बाईचे डोळे पाणीदार, लुगडं कोरं, आणि पऱ्हे तिनं फुलांच्या गुच्छासारखे धरलेले. तशी धरून रोवणी करायला गेली तर मालक दुपारी घरी पाठवेल. पण मुंबई-दिल्लीत बसून घेणाऱ्याला ते कळणार नाही, आणि त्यात कुणाची सही लागत नाही.

तर मुखपृष्ठाचं काय झालं? आम्ही आमच्या कार्यकर्तीचंच चित्र घ्यायचं ठरवलं. दरावर पुन्हा वाद झाला. आपला अंक वर्गणीवर चालतो, छपाईची उधारी असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी तिला एक हजार आणि चित्रातल्या पाच जणींना मिळून एक हजार असं ठरलं. पाच जणींना का, त्यांनी काय केलं, त्या तर रोजचं काम करत होत्या, असं एक मत होतं. त्यावर दुसरीनं विचारलं, की नटीला अभिनयाचे पैसे देतात, मग खरं काम करणारीला का नाहीत. हा वाद मिटलेला नाही.

मग आम्ही चित्र घेऊन त्या पाच जणींकडे गेलो. तिघी हसल्या, हो म्हणाल्या. एकीनं विचारलं, मोठं करून काच लावून देणार का, देणार आहोत. चौथी म्हणाली, घरी विचारून सांगते, आणि तिचा निरोप आला नाही. पाचवीनं सरळ नाही म्हटलं. त्या दिवशी तिनं एका शेतकऱ्याला बरं नाही म्हणून सांगितलं होतं आणि वीस रुपये जास्त मिळतात म्हणून दुसऱ्याच्या बांधीत गेली होती. अंक त्याच्याही घरी जातो. संमतीपत्रावर सही होती तिची. कायद्यानं आम्ही चित्र छापू शकलो असतो.

म्हणून या अंकाच्या मुखपृष्ठावर तिघीच आहेत आणि चित्र एका बाजूनं कापलेलं वाटतं. ते कापलेलंच आहे. पैसे पाचही जणींना दिले.

पुढच्या अंकापासून मुखपृष्ठाला एक हजार आणि आतल्या चित्राला दोनशे रुपये द्यायचे, काढणारीचं नाव चित्राखालीच छापायचं, असं मंडळानं ठरवलं आहे. वर्गणीत वीस रुपयांची वाढ होईल ती यामुळे. ज्यांच्याकडे कॅमेरा किंवा बरा मोबाइल आहे, त्यांनी मोहफुलांच्या हंगामातली चित्रं फेब्रुवारीपासून पाठवायला लागावं. गेल्या वर्षीची असली तरी चालतील. चित्रातल्या बायकांना विचारलंत का, कुठल्या भाषेत विचारलंत, आणि कोण नाही म्हणाली, ते पत्रात लिहा.